सशाला घाई चालत नाही



सध्या शाळेत एकाच विषयाची चर्चा आहे. बदली होऊन परगावी निघालेल्या एका कुटुंबाने आपले दोन ससे शाळेने सांभाळावेत, अशी विनंती केली आहे. कायमचे चांगले घर मिळेपर्यंत ते आपल्याकडे राहावेत, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. मुलांना ही बातमी कळायला मधली सुटीही पुरली! दुसऱ्याच दिवशी पाचवी ते आठवीच्या मुलांनी सह्यांचा अर्ज लिहून तो विश्वस्तांकडे दिला. काही पालकांनी मात्र विरोध नोंदवला आहे. शाळा ही शिकण्याची जागा आहे, प्राणिसंग्रहालय नव्हे, असे त्यांचे म्हणणे. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे. त्याआधी या वार्तापत्राचे संपादक मंडळ म्हणून आम्ही आमचे मत मांडत आहोत.

आमचे मत थोडक्यात असे. ससे शाळेत जरूर यावेत, पण काही अटींवर. त्या अटींमध्ये पिंजऱ्याचा खर्च ही सर्वांत लहान अट आहे. सर्वांत मोठी अट आहे धीराची, आणि ती विश्वस्तांना पाळायची नसून आपल्या मुलांना पाळायची आहे.

बाजारातला ससा

पांढुर्णा काय किंवा सौंसर काय, जत्रेत किंवा आठवडी बाजारात टोपलीत पांढरी शुभ्र पिल्ले दिसली की लेकरांचा पाय तिथून निघत नाही. बाप चार पैसे मोजतो, पिल्लू खोक्यात घालून घरी येते. पहिल्या दिवशी घरातली, शेजारची, गल्लीतली सगळी मुले जमतात. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात पिल्लू फिरते. कोणी कान धरून उचलतो, कोणी पोळीचा तुकडा तोंडात कोंबतो, कोणी त्याला दुपट्यात गुंडाळून झोपवतो. पुढे पंधरा दिवसांत बहुतेक घरांत एकाच शेवटाची गोष्ट ऐकू येते. पिल्लू खाईनासे झाले, एका सकाळी निपचित पडले, आणि मुलाची समजूत घालायला आई म्हणाली, "जाऊ दे रे, पुढच्या बाजारी दुसरा आणू."

आम्हाला खटकते ते हे शेवटचे वाक्य. पिल्लू जाते त्याचे दुःख मुलाला होतेच, पण त्याबरोबर एक धडाही मिळतो, की जीव म्हणजे बदलून मिळणारी वस्तू आहे. मुलांचा यात दोष नाही. त्यांनी प्रेमच केले होते. पण ते प्रेम सशाच्या बाजूने कसे दिसते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. बाजारातली पुष्कळ पिल्ले तर आईपासून फार लवकर तोडलेली असतात. पिल्लाला निदान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे असे जाणकार सांगतात. त्याआधी त्याचे पोट बाहेरच्या खाण्याला सरावलेले नसते.

भित्रेपणा की शहाणपण?

मराठीत भित्र्या माणसाला आपण "सशाचे काळीज" म्हणतो. पाठीवर पान पडले आणि आभाळ कोसळले म्हणून पळत सुटलेल्या सशाची गोष्ट तर बालवाडीतही सांगितली जाते. पूर्वीच्या जातककथांमध्येही तिचे मूळ सापडते. गोष्ट गमतीची आहे खरी, पण तिने सशावर जरा अन्यायच केला आहे.

ससा हा कोल्हा, रानमांजर, मुंगूस, घार, घुबड, साप आणि माणूस अशा सगळ्यांचे खाद्य. त्याला ना शिंगे, ना विषारी दात. त्याच्याकडे लांब कान, मागचे दणकट पाय आणि डोक्याच्या दोन बाजूंना बसवलेले डोळे एवढेच आहे. या डोळ्यांमुळे त्याला मान न वळवता जवळजवळ चहूबाजूंचे आणि वरचेही दिसते. फक्त एक जागा दिसत नाही, ती म्हणजे अगदी नाकासमोरची आणि हनुवटीखालची. आता विचार करा. आपण कौतुकाने हात पुढे करतो तो नेमका नाकासमोर, म्हणजे त्याला न दिसणाऱ्या जागी. आणि उचलतो तो वरून झडप घालून, म्हणजे घार घालते तशी. आपल्या मनात माया असते, पण सशाला त्या क्षणी घारच दिसते.

म्हणून ससा पळतो, लपतो, जागच्या जागी थिजून बसतो किंवा मागचा पाय जमिनीवर आपटतो. पाय आपटणे हा त्याचा धोक्याचा इशारा. याला भित्रेपणा म्हणण्यापेक्षा शहाणपण म्हणावे. ज्या सशांनी हे शहाणपण दाखवले नाही, त्यांचा वंश राहिलाच नाही.

उचलण्यात आणखी एक धोका आहे. सशाची हाडे नाजूक आणि मागचे पाय जोरकस. अधांतरी धरलेल्या सशाने घाबरून लाथ झाडली, तर त्याच्याच ताकदीने त्याचा कणा मोडू शकतो. कान धरून उचलणे तर सर्वस्वी चूक. कान ही काही मूठ नव्हे. त्यांत रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि अंगातली उष्णता ससा याच कानांवाटे बाहेर टाकतो.

धुऱ्यावरचा ससा घरी आणू नका

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. घरी पाळला जातो तो ससा आणि आपल्या शेतात, वाडीत दिसतो तो ससा, हे दोन वेगळे प्राणी आहेत. पाळीव सशाचे पूर्वज युरोपातले, स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचे. ते जमिनीत बिळे करून राहतात आणि त्यांची पिल्ले जन्मतः उघडी व आंधळी असतात. आपल्याकडचा रानससा बीळ करीत नाही. गवतात, तुरीच्या ओळीत, संत्र्याच्या झाडाखाली अंगापुरता खळगा करून बसतो. त्याची पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात.

सोयाबीनच्या सोंगणीत किंवा गवत कापताना असे पिल्लू सापडले की आपल्याला वाटते, बिचारे आईवेगळे झाले. मग सालदार ते टोपीत घालून मालकाच्या लेकरांसाठी घरी आणतो. प्रत्यक्षात ते अनाथ नसते. मादी आपल्या अंगाच्या वासाने शत्रूला पिल्लांचा माग लागू नये म्हणून दिवसभर त्यांच्यापासून दूर राहते आणि बहुधा दिवस मावळल्यावर थोडा वेळ येऊन दूध पाजून जाते. आपण पिल्लू उचलतो, आणि संध्याकाळी आई रिकाम्या खळग्याशी येते!

तेव्हा विद्यार्थ्यांनो, असे पिल्लू दिसले तर हात लावू नका. कापणी चालू असेल तर तेवढी जागा सोडून द्या किंवा पिल्लाला अलगद जवळच्याच धुऱ्यावर आडोशाला ठेवा. ते जखमी दिसले तर घरी न नेता मोठ्यांना सांगून वनविभागाला कळवा. रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणे, पाळणे वा मारणे हा गुन्हा आहे. शाळेत येऊ घातलेले ससे पाळीव जातीचे आहेत, म्हणूनच त्यांचा विचार करता येतो.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी. कंटाळा आला म्हणून पाळीव ससा जाम नदीच्या काठी किंवा शेतात सोडून देणे ही दया नव्हे. पिंजऱ्यात वाढलेला जीव कुत्र्यांपुढे एक रात्रही टिकत नाही. आणि टिकला तर काय होते, ते ऑस्ट्रेलियाला विचारावे! तिथे १८५९ साली टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेने सुमारे दोन डझन ससे सोडले. त्यांच्या वाढलेल्या संख्येने त्या खंडाची पिके आणि कुरणे फस्त केली, आणि तो देश आजही त्यांच्याशी झगडतो आहे.

विश्वास कसा मिळवावा?

आता मुख्य मुद्दा. दोन ससे नव्या जागी आले, भेदरलेले आहेत, कोपऱ्यात अंग चोरून बसले आहेत. आपण काय करावे? जाणकार जे सांगतात त्याचे सार असे.

पहिले दोन-तीन दिवस काहीच करू नये. हेच सर्वांत अवघड आहे! पिंजरा शांत, सावलीच्या जागी ठेवावा. आत एक लाकडी किंवा पुठ्ठ्याची पेटी उपडी ठेवून तिला दोन दारे करावीत, म्हणजे एका दाराने भीती आली तर दुसऱ्याने निघता येईल. लपायला जागा दिली तर ससा कायम लपूनच राहील, असे पुष्कळांना वाटते. अनुभव उलटा आहे. लपायची हमी असते तोच ससा बाहेर येतो.

पाणी-गवत रोज ठरल्या वेळी, एकाच माणसाने, एकाच चालीने द्यावे. जवळ जाण्यापूर्वी हळू आवाजात एकच शब्द म्हणावा. तो रोज तोच असावा. सशाला आपली भाषा कळत नाही, पण आपला आवाज आणि आपल्या पावलांची लय कळते. आज एक, उद्या दुसरा, परवा दहा जणांचा घोळका, असे झाले तर त्याला काहीच ओळखता येत नाही.

मग तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून जमिनीवर बसावे. उभा माणूस सशाला झाडाएवढा दिसतो. कुंपण घातलेल्या जागेत दार उघडे ठेवून, पाठ थोडी वळवून, त्याच्याकडे टक न लावता बसावे. हातात पुस्तक घ्यावे आणि हळू आवाजात वाचावे. आमची सूचना अशी की ज्या मुलांना वर्गात उभे राहून वाचायची लाज वाटते, त्यांना हे काम द्यावे. ससा उच्चारांना हसत नाही, आणि अडखळले तर "पुढे वाच" म्हणून घाईही करीत नाही. दोन्हीकडची भीती एकदमच कमी होईल.

एक दिवस ससा मान लांब करून येईल, मागचे पाय मात्र पळण्याच्या तयारीतच असतील. तो आपला पाय हुंगेल आणि पळेल. त्या वेळी हात पुढे करायचा नाही! दहा दिवसांची कमाई एका झटक्यात जाते ती इथेच. तो पुन्हा येईल, पुन्हा पळेल. आपण कुठेच हललो नाही, हे त्याला पटले की मग तळहातावर सांबाराची काडी ठेवून हात जमिनीवर पसरावा. त्याने ती हातावरून खाल्ली तर पुढच्या काही दिवसांत कपाळावर, दोन डोळ्यांच्या वर, एका बोटाने कुरवाळावे. हनुवटी, पोट आणि पाय यांना हात लावू नये. तो उठून गेला तर जाऊ द्यावे. जाण्याची मोकळीक असते म्हणूनच तो परत येतो.

याला किती दिवस लागतील? कोणाला आठवडा, कोणाला तीन महिने. पूर्वी ज्याला कोणी दुखावले असेल, त्याला त्याहूनही अधिक. आणि काही ससे कधीच मांडीवर बसत नाहीत. जवळ येऊन शांत बसणे हीच त्यांची माया असते. ससा निर्धास्त झाल्याची खूण मात्र सुंदर असते. तो कुशीवर अंग टाकून पसरतो, कुरवाळताना दात हलकेच एकमेकांवर घासतो, आणि कधी आनंदाने उंच उडी मारून हवेतच अंग वळवतो. मोठ्याने करकर दात वाजवणे हे मात्र दुखण्याचे लक्षण आहे. ते ऐकू आले तर पशुवैद्यकांकडे न्यावे.

हेमलकशाचा धडा

हे सारे वाचून कोणी म्हणेल, दोन सशांसाठी एवढा खटाटोप कशाला? म्हणून आपल्या शेजारच्या विदर्भातलेच एक उदाहरण सांगतो.

गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे माडिया गोंडांच्या सेवेसाठी जाऊन राहिले. सुरुवातीला त्यांच्याकडे कोणी येईना. बाहेरच्या माणसाचा जंगलातल्या माणसाला आलेला अनुभव चांगला नव्हता. कपडे घातलेला परका दिसला की लोक रानात निघून जात. आमटे दाम्पत्याने कोणाच्या मागे धावून औषध पाजले नाही. ते तिथेच राहिले, माडिया भाषा शिकले, डॉक्टरसाहेबांनी अंगावरचे कपडेही बनियन आणि अर्ध्या चड्डीवर आणले. मग भाजलेला एक अपस्माराचा मुलगा बरा झाला, मेंदूच्या मलेरियाने मरणाच्या दारात गेलेला एक माणूस उठून बसला, आणि हळूहळू लोक आपण होऊन येऊ लागले. १९७६ साली तेथे शाळा सुरू झाली. २००८ साली या दाम्पत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर पस्तीस वर्षे होत आली होती.

याच काळात शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीच्या छातीला बिलगलेले एक जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांना दिसले. ते त्यांनी मागून घेतले आणि वाढवले. पुढे आईवेगळी पिल्ले त्यांच्याकडे येऊ लागली. बिबटे, अस्वले, हरणे, तरस अशा अनेक अनाथ जिवांचे ते घर झाले. तेथील कार्यकर्ते विलास मनोहर यांचे "नेगल" हे पुस्तक याच प्राण्यांच्या सहवासावर आहे. आपल्या ग्रंथालयात ते असावे, असे आम्ही सुचवतो. घरी बिबट्या पाळावा असा याचा अर्थ मुळीच नाही! धडा एवढाच, की घाबरलेला माणूस आणि घाबरलेले जनावर, दोघांशीही वागण्याची रीत एकच निघाली. तिथेच राहायचे, शब्द पाळायचा, आणि पहिले पाऊल त्याला टाकू द्यायचे.

दूर आफ्रिकेतही हेच घडले. जेन गुडाल ही २६ वर्षांची इंग्रज तरुणी जुलै १९६० मध्ये गोंबेच्या जंगलात चिंपांझींचा अभ्यास करायला गेली. कितीतरी महिने चिंपांझी तिला पाहताच पळून जात. ती रोज त्याच टेकडीवर, त्याच साध्या कपड्यांत, दिसेल अशी बसून राही. शेवटी पांढऱ्या दाढीचा एक नर धीट झाला. तिने त्याचे नाव डेव्हिड ग्रेबिअर्ड ठेवले. एकदा तिने पुढे केलेले फळ त्याने घेतले, खाली टाकले, आणि तिची बोटे हलकेच दाबली. फळ नको होते, पण तिचा हेतू त्याला कळला होता. २०२५ साली वयाच्या ९१ व्या वर्षी निधन होईपर्यंत जेन गुडाल जगभरच्या मुलांना प्राण्यांविषयी सांगत राहिल्या.

आपल्याला हे नवे नाही

खरे म्हणजे आपल्या शेतकऱ्याला हे शिकवायला आफ्रिकेत जावे लागत नाही. बाजारातून आणलेला नवा बैल दुसऱ्याच दिवशी बंडीला कोणी जुंपत नाही. कोठ्यात आधी त्याला ठरल्या वेळी चारापाणी मिळते, घरधनी कपाळ खाजवतो, पाठीवर हात फिरवतो, त्याच्याशी बोलतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी करतो तेव्हा वर्षभराच्या कष्टाची आठवण त्या हळद-तुपात असते. तान्ह्या पोळ्याला आपली लेकरे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. हौसेमागे शिकवण हीच, की मुक्या जिवाचे आपण देणे लागतो.

आणि एक बोलून टाकतो. बाहेरगावी आपण पांढुर्ण्याचे म्हटले की समोरचा पहिल्यांदा गोटमारीचेच विचारतो. परंपरेबद्दल मतमतांतरे असतील, तो आजचा विषय नव्हे. पण रस्त्यावर झोपलेल्या कुत्र्याला विनाकारण दगड मारणारे पोर कोणत्याही परंपरेत बसत नाही. ज्या हाताला सशासाठी दहा दिवस स्थिर राहायची सवय लागली, तो हात उगाच दगडाकडे जाणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

आक्षेप आणि उत्तरे

अभ्यासाचे काय, हा पहिला आक्षेप. सशांची कामे मधल्या सुटीत आणि शाळा सुटल्यावर, पाळीपाळीने व्हावीत. विज्ञानाच्या पुस्तकातले शाकाहारी प्राण्याचे दात, पचनसंस्था, अनुकूलन हे सारे डोळ्यांसमोर असेल. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावूनच ते झिजतात, हे वाचलेले मूल विसरेल, पाहिलेले विसरणार नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सशाचे मुख्य अन्न वाळलेले व हिरवे गवत. आपल्या भागात हरळीला तोटा नाही. फक्त कपाशीच्या शेतातले किंवा फवारणी झालेल्या वाडीतले गवत आणि भाजीपाला देऊ नये. गाजर आणि संत्र्याची फोड गोड असल्याने क्वचित आणि बोटभरच द्यावी. पोळी, बिस्कीट, चॉकलेट, कांदा, लसूण, बटाटा मुळीच नको. डब्यातला उरलेला घास म्हणजे सशाचे जेवण नव्हे, हे सर्व वर्गांत सांगावे लागेल. ससा अर्धा दिवस काही खात नसेल तर ती तातडीची बाब समजावी. त्याचे आतडे थांबले तर तो फार काळ तग धरत नाही.

तिसरा आक्षेप आमच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे, तो उन्हाळ्याचा. तीस अंशांच्या पुढे सशाला त्रास होऊ लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा कुठे जातो ते सर्वांना ठाऊक आहे. त्यातून तेव्हा शाळेला सुटी. पत्र्याच्या शेडमध्ये ससे ठेवणे म्हणजे त्यांना भाजून काढणे. जाड भिंतीची खोली, ओले बारदान, मातीच्या परळात सतत पाणी आणि सुटीत रोज येणारा माणूस, यांची व्यवस्था लेखी ठरल्याशिवाय ससे आणू नयेत. ही व्यवस्था होणार नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. नकार देणे हेही प्रेमच आहे.

आमच्या अटी

विश्वस्त मंडळासमोर आम्ही पुढील सूचना ठेवतो.

१. ससे नर-मादी असतील तर आधी पशुवैद्यकांकडून तपासणी व नसबंदी करून घ्यावी आणि तोवर दोघांना वेगळे ठेवावे. सशीचा गर्भकाळ सुमारे ३१ दिवसांचा असतो आणि व्याल्यावर ती लगेच पुन्हा गाभण राहू शकते. दोनाचे वीस व्हायला वर्षही लागणार नाही.

२. एक शिक्षक आणि चार विद्यार्थी एवढ्यांनीच पहिला महिना सशांजवळ जावे. बाकीच्यांनी दुरून पाहावे. हा नियम मुख्याध्यापकांच्या आणि विश्वस्तांच्या पाहुण्यांनाही लागू असावा!

३. स्नेहसंमेलन, पाहुण्यांचे स्वागत, फोटो यांसाठी सशांना कधीही बाहेर काढू नये, हातात देऊ नये. फटाक्यांच्या दिवसांत त्यांना आतल्या खोलीत न्यावे.

४. ससा नीट सांभाळला तर आठ ते दहा वर्षे जगतो. आज पाचवीत असलेले मूल तोवर कॉलेजही संपवेल. म्हणून कायमचे घर शोधण्याचे काम पहिल्या दिवसापासून चालू ठेवावे आणि घर देताना त्या कुटुंबाला वरील सर्व गोष्टी समजावून सांगाव्यात.

५. रोजच्या खाण्याची, वागण्याची नोंद विद्यार्थ्यांनी वहीत ठेवावी. त्यातला निवडक भाग आम्ही या वार्तापत्रात छापू.

आणखी एक पाहुणा

शेवटी पालक आणि शिक्षक या दोघांनाही एक विनंती. दर जून-जुलैत आपल्या शाळेत काही नवी मुले येतात. कोणाच्या घरी वऱ्हाडी बोलतात, कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी गोंडी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपला मुलूख मध्य प्रदेशात राहिला, तेव्हापासून घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, ही कसरत आपल्या तीन पिढ्या करीत आल्या आहेत. तिचा ताण सर्वांत आधी पहिलीतल्या लेकराला जाणवतो. ते मागच्या बाकावर अंग चोरून बसते, विचारले तर खाली पाहते. आपण म्हणतो, "लाजतो फार", आणि लाज मोडावी म्हणून त्याला सर्वांसमोर उभे करतो. म्हणजे नेमका नाकासमोर हात नेतो!

त्या मुलालाही आधी लपायला एक जागा हवी असते, रोज तोच हसरा चेहरा हवा असतो, आणि बोलण्याचा पहिला शब्द आपल्या वेळेने उच्चारण्याची मुभा हवी असते. सशांसाठी महिनाभर थांबायची आमची तयारी आहे, असे अर्जावर सह्या करणाऱ्या मुलांनी म्हटले आहे. ती तयारी त्यांनी शेजारच्या बाकावर बसलेल्या नव्या मुलासाठीही दाखवावी. सशांना परवानगी मिळो वा न मिळो, ही गोष्ट तर उद्यापासूनच सुरू करता येईल. तिला विश्वस्तांच्या मंजुरीची गरज नाही.

या विषयावर पालकांची आणि विद्यार्थ्यांची मते, विरोधी मतेसुद्धा, अवश्य यावीत. बैठकीपूर्वी ती लेखी स्वरूपात कार्यालयात द्यावीत, म्हणजे ती सर्व विश्वस्तांपुढे ठेवता येतील.

— संपादक मंडळ